‘कशावरून?’ विचारणाऱ्याची बाजू

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.’ ही म्हण आमच्या शहापूर-मुरबाडच्या भागात सगळ्यांना पाठ आहे. सरळगावच्या नाक्यावर चहाचा ग्लास हातात असताना ती निघते, कसारा लोकलमध्ये आसनगाव येईपर्यंत निघते, बाराव्याच्या पंगतीआधी भाऊभाऊ हळू आवाजात बोलायला लागले की हमखास निघते. अलीकडे तिला नवे धुमारे फुटलेत. वकील भांडणं लावतात. वकील तारखा खातात. वकील गुन्हेगारांना सोडवतात. वकील धरण अडवतात, रस्ता अडवतात, पैसेवाल्याच्या मागे धावतात. आणि या सगळ्याचं सार म्हणून शेवटी एक वाक्य येतं: या जातीला कशावर विश्वासच नसतो, संशय हाच यांचा धंदा.

या म्हणण्याचा प्रतिवाद करायला मी बसलो आहे. आधी एक गोष्ट कबूल करतो. मी वकील नाही आणि वकिलांचा भक्त तर मुळीच नाही. आमच्या घरचा बांधाचा दावा वडिलांच्या हयातीत सुरू झाला आणि ते गेल्यावर मिटला. त्यात आमच्या एका वकिलांनी घेतलेल्या तारखा आणि फी यांचा हिशेब मांडला तर तो बांधापेक्षा लांब भरेल. तेव्हा ‘तुला अनुभव नाही म्हणून बोलतोस’ असं मला कोणी म्हणू नये. अनुभव आहे, तरीही ही म्हण घातक आहे असं माझं मत आहे.

म्हण कोणी केली ते सांगता येत नाही, पण ती कोणाच्या सोयीची आहे ते सांगता येतं. ज्याच्या ताब्यात आधीच जमीन आहे, ज्याच्या पेटीत दुसऱ्याचा अंगठा उमटलेला कागद आहे, त्याला कोर्टाची पायरी चढायची गरजच काय? तो शहाणा ठरतो. पायरी चढावी लागते ती ज्याचं गेलं त्याला. म्हणजे ही म्हण लुटणाऱ्याला शहाणपणाचं प्रशस्तिपत्र देते आणि लुटल्या गेलेल्याला गप्प बसायला सांगते. गोदावरी परुळेकर कायद्याची पदवी घेतलेल्या होत्या. १९४५ साली टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली आणि त्यानंतर ठाणे जिल्ह्यातला वारली आदिवासी त्यांच्या नेतृत्वाखाली वेठीविरुद्ध उभा राहिला. लग्नासाठी उचललेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायको आयुष्यभर सावकाराच्या दारात राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. त्या कर्जाचा आकडा कोणी मांडला, व्याज कोणी धरलं, फेडलेलं कुठे लिहिलं, हे विचारायची सोय नव्हती. विचारणारा माणूस आला तेव्हा वेठ हलली.

तो विचारणारा शब्द मराठीत एकच आहे: कशावरून? वकिलाचं सगळं शिक्षण, सगळी पुस्तकं, सगळी उलटतपासणी या एका शब्दात मावते. तुम्ही म्हणता हा चोर आहे, कशावरून? तुम्ही म्हणता जमीन सरकारची आहे, कशावरून? लोकांना वकिलाचा जो राग येतो तो खरं तर या शब्दाचा राग आहे. कारण हा शब्द ज्याला विचारला जातो तो बहुधा विचारून घ्यायची सवय नसलेला माणूस असतो.

हा शब्द जवळून पाहायचा असेल तर तालुक्याच्या न्यायालयाबाहेर टायपिस्ट बसतात तिथे अर्धा दिवस उभं राहावं. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग जाणार हे ठरल्यावर, ज्या वरकस जमिनीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं तिला सोन्याचा भाव आला. लग्न होऊन पंचवीस वर्षं झालेल्या बहिणींना भाऊ गाडी पाठवून माहेरी बोलावू लागले. साडी, जेवण, आणि जेवणानंतर हक्कसोडपत्र. अशीच एक ताई त्या रांगेत बाकावर बसली होती. पदराच्या टोकात आधार कार्ड गुंडाळलेलं. शेजारी भाऊ, त्याच्या हातात टाइप केलेला कागद. पलीकडे आपल्या पक्षकाराची वाट पाहत एक तरुण वकीलबाई उभ्या होत्या. त्यांचा या मामल्याशी काही संबंध नव्हता.

“ताई, कागदात काय लिहिलंय माहितीय का?” त्यांनी सहज विचारलं.

“वारसनोंदीचा कागद हाय, म्हनला भाऊ.”

“कशावरून? वाचून दाखवला का कोणी?”

भाऊ तडकला. “मॅडम, घरातला मामला आहे. तुम्ही कशाला मधे फाटे फोडताय?”

बाईंनी कागद मागितला. भावाने दिला नाही, ताईने दिला. मग त्यांनी सावकाश, एकेका शब्दावर थांबत मोठ्याने वाचलं: स्वखुशीने, विनामोबदला, यापुढे माझा किंवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क, हिस्सा, हितसंबंध राहिलेला नाही. ताई ‘विनामोबदला’ या शब्दाला अडखळली. “म्हंजे?” “म्हणजे फुकट,” वकीलबाई म्हणाल्या आणि आपल्या पक्षकाराकडे निघून गेल्या. त्या दिवशी सही झाली नाही.

भाऊ आजही सांगत असेल की वकिलाने आमचं घर फोडलं. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क देणारी हिंदू वारसा कायद्याची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे. हा हक्क जन्मानेच मिळतो आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट त्याला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. पण कायदा दिल्लीत झाला म्हणून टायपिस्टच्या बाकावर तो आपोआप हजर होत नाही. तिथे तो कोणाच्या तरी तोंडून यावा लागतो. घर फुटलं असेल तर ते खोट्या कागदाने फुटलं. बाईंनी फक्त तो वाचून दाखवला.

दुसरा आरोप मोठा आहे: वकील विकास अडवतात. आमच्याकडे या आरोपाचं नाव काळू धरण. काळू नदी माळशेजच्या डोंगरात उगम पावते आणि मुरबाड तालुक्यातून उल्हासकडे जाते. तिच्यावर मुंबई महानगर प्रदेशाच्या पाण्यासाठी कोकण पाटबंधारे विकास महामंडळाने मोठं धरण आखलं. त्यात सुमारे १००० हेक्टर वनजमीन जाणार होती, आणि तिच्याबरोबर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या आणि रानं. वनजमिनीवर असं काम करायचं तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याप्रमाणे केंद्र सरकारची मंजुरी आधी लागते. ‘आधी’ हा शब्द कायद्यात आहे. इथे २०११ साली यंत्रं आधी आली. श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली आणि मार्च २०१२ मध्ये न्यायालयाने काम थांबवलं.

त्या दिवसापासून ‘वकिलांनी पाणी अडवलं’ हे वाक्य ऐकतो आहे. पण न्यायालयापुढचा प्रश्न पाणी हवं की नको असा नव्हताच. धरण चांगलं की वाईट असाही नव्हता. प्रश्न शाळेतल्या मुलाला कळेल इतका साधा होता: मंजुरी आहे, कशावरून? असेल तर कागद दाखवा. कागद असता तर पहिल्या तारखेलाच प्रश्न मिटला असता. मग उशीर कोणी केला? ज्याने मंजुरी न घेता सुरुंग लावले त्याने, की ज्याने मंजुरी मागितली त्याने? आपल्याकडे एखाद्याने परवानगीशिवाय भिंत उभी केली आणि नगरपंचायतीने ती थांबवली, तर आपण भिंतवाल्याला दोष देतो. सरकारने डोंगर फोडला की मात्र थांबवणारा दोषी होतो.

यातली आणखी एक खुबी पाहण्यासारखी आहे. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत सिंचनाची आणि जलविद्युतची धरणं येतात, निव्वळ पिण्याच्या पाण्याची येत नाहीत. नदी तीच, भिंत तीच, बुडणारं रान तेच. कागदावर ‘पिण्यासाठी’ लिहिलं की पर्यावरण मंजुरीची पायरीच गळून पडते. असा शब्दांचा खेळ समोरून होत असताना त्या शब्दाचा कीस काढणारा माणूस आपल्या बाजूला नको, असं कोण म्हणेल? आणि पाण्याच्या बाबतीत आम्ही तोंडी शब्दावर किती विसंबावं? तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसातून जातो. ही दोन्ही धरणं शहापूरच्या अंगणातली. आणि एप्रिल-मे उजाडला की शहापूरच्या पाड्यांवर बायका टँकरच्या मागे हंडे घेऊन पळतात. ज्यांच्या दारातून इतकं पाणी वाहून गेलं त्यांनी पुढच्या धरणाच्या वेळी ‘आमचा वाटा किती, आणि तो कुठे लिहिलाय’ असं विचारलं तर तो विकासद्रोह कसा?

तिसरा आरोप सगळ्यात जोरात केला जातो: वकील गुन्हेगारांना सोडवतात. मी दोन खटले पुढे ठेवतो.

पहिला आपल्या सगळ्यांच्या रोजच्या वाटेवरचा. कसारा लोकल जिथे संपते त्या सीएसटीवर २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री माणसं मारली गेली. हल्लेखोर कसाबवर खटला चालला. त्याला वकील देऊ नये म्हणून आरडाओरडा झाला, ज्यांनी काम घेतलं त्यांच्या घरासमोर निदर्शनं झाली. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपीही होते. सरकार पक्षाचं म्हणणं असं की त्यांच्यापैकी एकाने मुंबईतल्या ठिकाणांचे नकाशे हाताने काढले, दुसऱ्याने ते पोचवले, आणि त्यातला एक नकाशा गिरगावला मारल्या गेलेल्या दहशतवाद्याच्या पँटच्या खिशात मिळाला. देश संतापलेला, नकाशा हातात. आणखी काय हवं होतं? एका वकिलाला आणखी थोडं हवं होतं. त्या माणसाची पँट रक्ताने भिजली होती. मग तिच्या खिशातला कागद इतका स्वच्छ कसा? त्यावर डाग नाही, चुरगळ नाही, हे कशावरून खिशातलं? विशेष न्यायालयाने ३ मे २०१० रोजी कसाबला दोषी ठरवलं आणि त्याच दिवशी या दोघांना सोडलं. २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी कायम केल्या, कसाबची फाशीही आणि त्या दोघांची सुटकाही. नकाशावाल्या आरोपीचे वकील शाहिद आझमी यांना हा निकाल ऐकायला मिळाला नाही. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातल्या त्यांच्या कार्यालयात त्यांना गोळ्या घालून मारण्यात आलं.

वकील गुन्हेगाराला सोडवतात म्हणणाऱ्यांनी हे नीट पाहावं. कसाबला वकील होता म्हणूनच त्याच्या फाशीवर जगात कोणाला बोट ठेवता आलं नाही. आणि त्या दोघांना वकील होता म्हणून कसाबच्या पापाचे वाटेकरी म्हणून दोन चुकीची माणसं लटकली नाहीत. एकाच प्रश्नाने दोन्ही कामं केली.

दुसरा खटला गरिबांचा. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर भयानक हल्ला झाला. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली, उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली, आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच ठोठावली. इथे गोष्ट संपायला हवी होती. शहाण्याने पायरी चढू नये, आणि ही तर शेवटची पायरी. तरीही कोणीतरी कागद पुन्हा चाळले. त्यात निघालं की वाचलेल्या साक्षीदाराने घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांच्या फोटोंमधून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि ते दडपलं गेलं होतं. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल फिरवून सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. तोवर त्यांची जवळपास सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. खरे गुन्हेगार मोकळेच राहिले. त्यांना वकिलांनी सोडवलं नव्हतं. ‘कशावरून’ न विचारणाऱ्या तपासाने सोडवलं होतं.

आपल्या गावांत वेगळं काय होतं? वीटभट्टीवरून मोटर गेली, फार्महाऊसचं कुलूप तुटलं, की पहिलं बोट कुठे जातं हे सांगायला नको. कातकरवाडीकडे. कातकरी पोरगा पोलीस ठाण्यात जातो आणि ‘त्याने कबूल केलं’ अशी बातमी संध्याकाळपर्यंत गावात पोचते. पोलिसासमोरची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, अटकेनंतर २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं, त्याला वकील मिळण्याचा हक्क संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदात आहे. हे सगळं त्या पोराला कोणी सांगायचं? ‘वकील कशाला, तो चोरच आहे’ असं म्हणणाऱ्या गावकऱ्याने एवढंच मनात आणावं की उद्या बोट आपल्याकडे वळलं तर आपण काय म्हणू.

चौथा आरोप: वकील श्रीमंतांचे. यात तथ्य आहे आणि मी ते झाकणार नाही. पण इथेही गोष्ट सरळ नाही. ठाणे जिल्ह्यात हजारो सातबाऱ्यांवर ‘खाजगी वन’ असा शेरा आहे. याचं मूळ पन्नाशीच्या दशकातल्या नोटिसांत. भारतीय वन कायद्याच्या कलम ३५ खाली नोटिसा निघाल्या, राजपत्रात छापल्या, आणि पुढे कित्येकांवर काहीच झालं नाही. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने अशा जमिनी सरकारजमा झाल्याचं धरलं गेलं, आणि फेरफाराची नोंद कित्येक ठिकाणी तर २००० सालानंतर झाली. मधल्या काळात लोकांनी शेती केली, घरं बांधली, कर भरला. विक्रोळीची एक मोठी कंपनी हा वाद लढली. गोदरेज अँड बॉइस खटला म्हणून तो ओळखला जातो. २००८ साली ती उच्च न्यायालयात हरली. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयात जिंकली. मुद्दा हाच: नोटीस छापली म्हणजे ती मालकाला मिळाली, हे कशावरून? नुसती राजपत्रात छापलेली नोटीस पुरेशी नाही, ती बजावली गेली पाहिजे आणि मालकाचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, असं न्यायालयाने धरलं. फी कंपनीने भरली. पण तो मुद्दा आज शहापूर-मुरबाडचा दोन एकरवालाही आपल्या अर्जात लिहू शकतो. न्यायनिर्णय छापला गेला की तो फी भरणाऱ्याच्या एकट्याच्या मालकीचा राहत नाही.

या आरोपाच्या बाजूने माझ्या विरोधकांकडे एक हुकमी पान आहे, ते मीच टाकतो. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी महाराष्ट्राने १९७४ साली जो कायदा केला, त्यात कलम ९अ आहे. या कायद्याखालच्या कामात जिल्हाधिकाऱ्यापुढे कोणत्याही पक्षाला वकील देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने लिंगप्पा पोचण्णा खटल्यात हे कलम वैध ठरवलं. म्हणजे आदिवासींच्या भल्यासाठी केलेल्या कायद्यानेच वकिलाला दाराबाहेर ठेवलं! यामागची भीती खरी होती. सावकार मोठा वकील आणणार आणि आदिवासी एकटा पडणार. पण दार बंद केल्याने सावकाराचा वकील खरंच गेला का? तो आदल्या संध्याकाळी घरी बसून अर्ज लिहून देतोच, साक्ष पढवतोच. दाराबाहेर राहतो तो फक्त आदिवासीच्या बाजूने उभा राहू शकला असता तो. असमतोल दिसला तर हलक्या पारड्यात वजन टाकावं. तराजूच काढून नेला तर ज्याचा आवाज मोठा त्याचं माप खरं ठरतं.

हलक्या पारड्यात वजन टाकल्यावर काय होतं त्याचंही उदाहरण त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या वनजमिनीवरचे दळी-प्लॉट कसणाऱ्याला वनखातं विचारायचं: कसतोस, कशावरून? कागद दाखव. त्याच्याकडे कागद कुठून येणार? कष्टकरी संघटनेचे प्रदीप प्रभू यांनी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि कागदाशिवायचा पुरावाही तपासला पाहिजे ही गोष्ट पुढे आली. आज वनहक्क कायद्याच्या नियम १३ मध्ये ती छापलेली आहे: घर, झोपडी, बांध, विहीर, दफनभूमी, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब. पूर्वी ‘कशावरून’ हा प्रश्न वनखात्याच्या हातात होता. आता त्याला उत्तर म्हणून म्हाताऱ्याची आठवणही टेबलावर ठेवता येते.

मोठी माणसं आपल्या बाजूने आहेत असं वकिलांचे टीकाकार सांगतात. गांधीजींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज’मध्ये वकिलांना झोडपलं हे खरं आहे. पण १९१७ साली तेच गांधीजी चंपारणला गेले तेव्हा बरोबर कोण होतं? ब्रजकिशोर प्रसाद, राजेंद्र प्रसाद, वकीलच. नीळ पिकवणाऱ्या हजारो शेतकऱ्यांचे जबाब त्यांनी लिहून घेतले, आणि प्रत्येकाला आडवेतिडवे प्रश्न विचारून. न टिकणारा जबाब बाजूला काढला. आपल्याच माणसाला ‘कशावरून’ विचारलं म्हणून पुढे चौकशी समितीपुढे ते जबाब कोणाला उडवता आले नाहीत. गांधीजींनी वकिलाची फी नाकारली, त्याची पद्धत नाकारली नाही.

आणि डॉ. आंबेडकर? १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहानंतर चवदार तळ्याचा दावा त्यांच्यावरच लागला. सवर्णांचं म्हणणं: अस्पृश्यांना इथे बंदी ही अनादी काळापासूनची रूढी आहे. त्यावर अंतरिम मनाई हुकूम आला, आणि डिसेंबरमध्ये हजारो माणसं जमलेली असताना आंबेडकरांनी तळ्यावर जाणं थांबवलं. ‘तारखा खातात’ म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा: पुढची जवळपास दहा वर्षं हा दावा चालला. पण त्या दहा वर्षांत ‘असंच चालत आलंय’ या वाक्याला पहिल्यांदाच विचारलं गेलं, कशावरून अनादी? तळ्याची मालकी कोणाची, रूढीचा पुरावा कुठला, किती जुना? ठाण्याच्या सहायक न्यायाधीशांनी रूढी सिद्ध झाली नाही म्हणून निकाल दिला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. हजारो वर्षांच्या अहंकाराला पुरावा मागितला, आणि तो देता आला नाही. सत्याग्रहाने तळं गाठलं होतं. ‘तुमच्या बंदीला आधार नाही’ हे विरोधकाच्या तोंडावर लिहून मिळालं ते या संशयी पद्धतीने.

आता वकिलांना दोन शब्द. तुमची बाजू मांडली म्हणजे तुमची पापं धुतली असं समजू नका. पक्षकाराला न सांगता तारीख घेणं, गरिबाच्या जामिनासाठी त्याची गाय विकायला लावणं, समोरच्या वकिलाशी बाहेर हातमिळवणी करणं: हे सगळं होतं, आणि म्हणीला बळ देतं. अमुक आरोपीचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही असे ठराव वकील संघटना करतात, तेव्हा तर तुम्ही तुमचं एकमेव हत्यारच खाली ठेवता. असे ठराव बेकायदा आहेत हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगून झालं आहे.

पण वकिलाचा संशय आणि नाक्यावरचा संशय यांची गल्लत नको. मोबाइलवर दिवसभर सगळ्यावर संशय घेणारे आपल्याकडे कमी नाहीत. तो संशय पुरावा आला तरी संपत नाही, कारण त्याला पुरावा नकोच असतो. वकिलाला संशय उघड मांडावा लागतो, समोरच्याच्या देखत. समोरच्याला उत्तर द्यायची संधी मिळते. उत्तर टिकलं तर वकिलाला गप्प बसावं लागतं, आणि शेवटी तिसराच माणूस निकाल देतो. असा शिस्तीतला संशय शाळेत शिकवत नाहीत, घरात चालवून घेत नाहीत, सभेत तर ऐकूनच घेत नाहीत. समाजात तो जपून ठेवलेली जागा जवळपास एकच उरली आहे, आणि तिचीच पायरी चढू नका असं आपण मुलांना सांगतो.

मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर दर २ जानेवारीला माणसं जमतात. १९४३ साली त्या पहाटे तिथे पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोटवाल आणि हिराजी पाटील मारले गेले. विजेचे मनोरे पाडणारे क्रांतिकारक म्हणून कोटवालांना आपण हार घालतो. माथेरानच्या नाभिक घरातला हा माणूस वकील होता आणि सावकाराच्या कचाट्यातल्या शेतकऱ्यांची कामं पाहत होता, हे भाषणांत राहून जातं. बंदूक घेण्याच्या कितीतरी आधी त्यांनी सावकाराच्या वहीवर बोट ठेवलं होतं. हार घालताना ते बोटही आठवायला हवं.

आणि शेवटी व्यवहाराचं. शहापूरला न्यायालय आहे, मुरबाडला आहे, आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, कोणतीही स्त्री, मूल आणि कोठडीतला कोणीही, उत्पन्न कितीही असो, याला मोफत वकील मिळतो. दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. कोणी जेवणानंतर कागद पुढे केला तर अंगठा उठवण्याआधी तो पदरात बांधा, तालुक्याला या, आणि पायरी चढा.